शिकतोय म्हणून पगार कमी का?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की कॉलेज करत करत काम करणाऱ्यांनी पगाराबद्दल काय विचारायचंय ते पाठवा. एवढे प्रश्न आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही, आणि निम्म्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच आहे, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं, गावं मुद्दाम काढलीत, कारण बरेच जण अजून त्याच ठिकाणी कामाला आहेत.

उत्तरं महाराष्ट्रात काम करणाऱ्यांना धरून लिहिलीत. आणि एक आधीच सांगते, 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता 2019 लागू झालीये, 1948 चा किमान वेतन कायदा, 1936 चा वेतन प्रदान कायदा, 1965 चा बोनसचा आणि 1976 चा समान वेतनाचा कायदा हे चारही तिच्यात गेले, त्यामुळे नेटवर जुन्या कलमांचे आकडे वाचून मालकाशी भांडायला जाऊ नका, तो नवे दाखवेल आणि तुमचं तोंड बंद होईल.

प्रश्न: ताई, मी एसवायबीकॉमला आहे. संध्याकाळी 5 ते 10 कपड्यांच्या दुकानात काउंटरवर असतो. फुल टाइमवाल्या पोरांना जो पगार आहे त्याच्या तिसरा हिस्सा मला मिळतो. विचारलं तर शेठ म्हणतात, तू स्टुडंट आहेस, तुला कुठं घर चालवायचंय, पॉकेटमनी समज. जॉइन करताना 'या पगारात काम करायला तयार आहे' असं लिहून पण घेतलंय. मग आता काही बोलता येतं का?

येतं की. कायद्यात 'स्टुडंट' नावाची पगाराची कॅटेगरीच नाहीये. कायदा बघतो काम कुठलं, किती तास, आणि ते काम कुशल, अर्धकुशल का अकुशल. तू घर चालवतोस का बाइकचा हप्ता भरतोस का पैसे साठवतोस याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. तुझ्या शेजारी उभा असलेला फुल टाइमवाला उद्या लॉटरी लागून श्रीमंत झाला तर शेठ त्याचा पगार कमी करणार आहेत का?

आता हिशोब कसा करायचा ते बघ, कारण नुसतं 'मला कमी मिळतंय' म्हणून कोणी ऐकत नाही. महाराष्ट्रात प्रत्येक प्रकारच्या धंद्यासाठी किमान वेतनाचं नोटिफिकेशन असतं, दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचं वेगळं आहे. त्यात गावं-शहरं परिमंडळांत विभागलेली असतात, म्हणजे मोठ्या शहरात दर जास्त, लहान गावात कमी. त्यात मूळ दर असतो आणि त्यावर विशेष भत्ता, जो महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैमध्ये बदलतो. दोन्हीची बेरीज म्हणजे तुझ्या कामाचं महिन्याचं किमान वेतन. बरेच मालक नुसता मूळ दर दाखवतात आणि म्हणतात बघ, मी तर जास्तच देतोय. भत्ता विचारायचा. नवा कायदा आला तरी जुनी नोटिफिकेशन्स नवी येईपर्यंत चालू राहतात, म्हणून 'ते सगळं आता रद्द झालं' असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

महिन्याच्या आकड्याला 26 ने भागलं की दिवसाचा दर आला. त्याला 8 ने भागलं की तासाचा. आणि इथे ती गोष्ट येते जी फार कमी जणांना माहीत असते, आपल्या राज्याच्या या नोटिफिकेशन्समध्ये पार्ट टाइमवाल्यांसाठी तासाच्या दरावर 15 टक्के वाढ धरायला सांगितलेली असते. म्हणजे पार्ट टाइम माणूस तासाला स्वस्त नाही, उलट थोडा महाग आहे.

फक्त गणितासाठी समजा की बेरीज 13,000 आली. 26 ने भागून 500. 8 ने भागून 62 रुपये 50 पैसे. त्यावर 15 टक्के धरले की जवळपास 71 रुपये 88 पैसे तासाला. तुझे पाच तास म्हणजे दिवसाला 359 रुपये आणि वर थोडे, 26 दिवसांचे 9,300 च्या वर. आणि तिसरा हिस्सा म्हणजे तुला मिळतात 4,333. आठातले पाच तास काम करतोस आणि पगार तिनातला एक, हे शेठना तोंडी सांगितलंस तरी त्यांना कळेल, धंदा करणाऱ्याला गणित पटकन कळतं. तुझ्या परिमंडळाचा खरा आकडा कामगार आयुक्तांच्या साइटवर मिळेल, तो घालून हेच परत कर.

एक मात्र नीट समजून घे. फुल टाइमवाल्यांना किमान वेतनापेक्षा जास्त मिळत असेल तर त्याच प्रमाणात तुलाही द्या अशी सक्ती या हिशोबातून निघत नाही, कायद्याची सक्ती किमान आकड्यापर्यंतच आहे. त्याच्या वरचं सगळं बोलणी करून.

आणि ते लिहून दिलेलं विसरून जा. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार वेतन संहितेप्रमाणे रद्दबातल आहे. तू तयार होतास की नव्हतास हा मुद्दाच येत नाही.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. सहा महिन्यांची इंटर्नशिप, घरूनच, रोज 10 ते 7, स्टायपेंड शून्य. सुरुवातीला 'ट्रेनिंग किट' म्हणून माझ्याकडूनच पैसे घेतले. पहिला आठवडा शिकवलं आणि त्यानंतर सरळ क्लायंटचं काम. मध्येच सोडलं तर सर्टिफिकेट नाही. हे लीगल आहे का?

या प्रश्नाचे तर ढीग पडलेत. आणि उत्तर सरळ नाहीये.

आपल्याकडे इंटर्नशिपसाठी असा वेगळा कायदा नाही. अप्रेंटिसशिपसाठी, म्हणजे करार करून प्रत्यक्ष कामावर शिकण्यासाठी, आहे, 1961 चा. दोन्ही शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात आणि तिथेच कंपन्यांचं फावतं. अप्रेंटिस म्हणून घेतलं तर सरकारी पोर्टलवर करार नोंदवावा लागतो आणि किमान स्टायपेंड द्यावाच लागतो. 2019 मध्ये नियम बदलले तेव्हा तो शिक्षणाप्रमाणे महिना 5,000 ते 9,000 केला, डिग्रीवाल्यांना 9,000, डिप्लोमावाल्यांना 8,000. मे 2025 मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलने यात 36 टक्के वाढीची शिफारस केली. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तर ठरावीक प्रमाणात, अडीच ते 15 टक्के, अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे कंपनी मोठी असेल तर 'आमच्याकडे पेड स्कीमच नसते' हे कारण चालत नाही, स्कीम सरकारनेच करून ठेवलीये.

वेतन संहितेत 'कर्मचारी' कोण याची व्याख्या आहे, तिच्यातून अप्रेंटिसला वगळलंय, पण फक्त त्या 1961 च्या कायद्याखाली घेतलेल्या अप्रेंटिसला. तुझ्या लेटरवर 'ट्रेनी', 'इंटर्न', 'ॲम्बॅसेडर' काहीही छापलेलं असो, करार नोंदवलेला नसेल तर ही सूट कंपनीला मिळत नाही. मग प्रश्न उरतो तू कर्मचारी आहेस का. व्याख्येत कुशल, अकुशल, टेक्निकल, क्लार्कचं, सगळं काम येतं, अट एवढीच की ते मोबदल्यासाठी असावं, मग अटी लेखी असोत की गृहीत. कंपनी म्हणणार, मोबदला ठरलाच नव्हता, ती शिकायला आली होती. आणि शून्य स्टायपेंडच्या केसमध्ये खरी लढाई इथेच होते, हे मी लपवत नाही.

तुझ्या बाजूने काय आहे तर कामाचं स्वरूप. शिकवणं एका आठवड्यात संपलं, वेळ ठरलेली, काम क्लायंटचं, त्याचं बिल कंपनी लावते. तू नसतीस तर त्यांना पगार देऊन दुसरा माणूस ठेवावा लागला असता का? याचं उत्तर हो असेल तर तू शिकत नाहीयेस, राबतेयस. सुप्रीम कोर्टाने 1982 मध्ये, दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती त्या मजुरांच्या केसमध्ये, सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हे घटनेच्या कलम 23 प्रमाणे वेठबिगारीत मोडतं, आणि बळजबरी म्हणजे फक्त काठी नाही, गरजेपोटी दुसरा पर्याय नसणं हीसुद्धा बळजबरीच. न्यायमूर्ती भगवतींनी तेव्हा हेही म्हटलं की हे कलम फक्त सरकारविरुद्ध नाही, खासगी माणसाविरुद्धही चालतं. ती केस विटा वाहणाऱ्यांची होती, लॅपटॉपवाल्यांची नव्हती, तुझा मालक हा फरक दाखवेलच. पण तत्त्व तेच आहे असं मला वाटतं.

आता व्यवहाराचं. जी कंपनी इंटर्नकडूनच पैसे घेते तिचा धंदा सॉफ्टवेअरचा नाही, सर्टिफिकेटं विकण्याचा आहे, बाकी सगळी सजावट. पैसे भरल्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेव आणि कॉलेजच्या टीपीओला, म्हणजे प्लेसमेंट बघणाऱ्या सरांना, लेखी कळव, कारण दरवर्षी त्याच कंपनीत तुमच्याच कॉलेजची नवी पोरं जातात.

बऱ्याच जणांनी विचारलंय की मग सरकारी इंटर्नशिप करू का. ऑक्टोबर 2024 ला सुरू झालेल्या पीएम इंटर्नशिप योजनेत महिना 5,000 आणि सुरुवातीला एकदा 6,000 मिळायचे, पण ती सुरू झाली तेव्हाच अट होती की वय 21 ते 24 आणि फुल टाइम शिक्षण किंवा नोकरी चालू नसावी. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, 2024 चीच, तिथे पण बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीला 10,000, आणि तीही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. म्हणजे ज्यांना शिकता शिकता काम करायचंय त्यांच्यासाठी सुरुवातीला तरी या दोन्ही दारांवर कुलूप होतं. का ते त्यांनाच माहीत.

प्रश्न: परीक्षा आली म्हणून कॅफेतलं काम सोडलं. 18 दिवसांचे पैसे अडकवलेत, म्हणतात नोटीस नाही दिलीस. शिवाय गल्ल्यात 2,000 कमी आले ते आम्हा चौघांच्या पगारातून सारखे कापले. बारावीची ओरिजिनल मार्कशीट पण त्यांच्याकडेच आहे.

काम सोडलं, काढलं, राजीनामा दिला, काहीही झालं तरी दोन कामाच्या दिवसांत सगळे पैसे द्यायचे असा नवा नियम आहे. नोटीसची अट लेखी असेल तर त्याबद्दल ते वेगळं भांडू शकतात, पण केलेल्या 18 दिवसांचा पगार दाबून ठेवता येत नाही.

गल्ल्याचं म्हणशील तर नुकसान ज्याच्या ताब्यात पैसे दिले होते आणि ज्याच्या हलगर्जीमुळे थेट झालं त्याच्याकडूनच कापता येतं, तेही त्याला बाजू मांडायची संधी देऊन आणि झालेल्या नुकसानापेक्षा एक रुपयाही जास्त नाही. चौघांत वाटून घ्यायला ती काय सहलीची वर्गणी आहे? उशिरा आलास, मोबाइल बघितलास म्हणून दंड लावतात त्याचीही मर्यादा आहे, त्या पगाराच्या 3 टक्क्यांपर्यंत, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत.

मार्कशीट आजच लेखी माग. आणि इथून पुढे ओरिजिनल कुणालाही द्यायचं नाही, झेरॉक्सवर सही करून द्यायची, हवं तर समोर ओरिजिनल दाखवून परत घ्यायचं. पोरं सगळ्यात जास्त इथेच अडकतात, पगारापेक्षा कागदाच्या भीतीने गप्प बसतात.

प्रश्न: आम्ही दोघी मुली आणि दोन मुलं, एकाच क्लासमध्ये पेपर तपासतो. मुलांना पेपरमागे जास्त. सर म्हणतात, ते रात्री उशिरापर्यंत थांबू शकतात.

तेच काम किंवा त्याच तोडीचं काम असेल तर लिंगावरून पगारात फरक करता येत नाही, वेतन संहितेचं तिसरंच कलम आहे ते. ते थांबत असतील तर थांबलेल्या वेळाचे वेगळे पैसे द्या की, पेपरचा दर तोच ठेवून. चौघं मिळून जाऊन बोला, मुलांनाही बरोबर घ्या.

प्रश्न: मुलगा अकरावीत आहे, वय 17. हौसेने एका दुकानात लागलाय, शाळा सुटली की रात्री 11 पर्यंत. पगार बरा आहे. काळजी वाटते पण त्याचा उत्साह मोडायचा नाहीये.

काकू, पगाराआधी तासांचं बघा. 14 ते 18 वयाच्या मुलांना काम करता येतं, धोकादायक कामं सोडून, पण बाल व किशोरवयीन कामगार कायद्याने त्यांच्या वेळेवर बंधनं आहेत. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात त्यांना काम देता येत नाही. विश्रांती धरून दिवसाला सहा तासांच्या वर नाही, सलग तीन तासांनंतर तासभर सुट्टी, आणि ओव्हरटाइम तर अजिबात नाही. म्हणजे मालक कितीही चांगला असला तरी रात्री 11 हे बेकायदाच. शनिवार-रविवार दिवसा, किंवा सुट्टीत, असं करता येतं का विचारा. मुलाला मोडता घालायची गरज नाही, वेळ हलवा. मालकाला पण सांगा, कारण उद्या काही झालं तर अडचणीत तो येणार आहे, आणि त्याला हे माहीतही नसेल कदाचित.

प्रश्न: मी कॉलेज करून फूड डिलिव्हरी करतो. ॲपवाले म्हणतात आम्ही पगार देत नाही, तू पार्टनर आहेस. मग किमान वेतन वगैरे आम्हाला काहीच नाही?

नाही. आत्ता तरी नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग वर्करची व्याख्याच अशी आहे की मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर काम करणारा, त्यामुळे किमान वेतन तुला लागत नाही. तुमच्यासाठी काय केलंय तर ॲप कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेच्या फंडात भरायची, मात्र गिग कामगारांना दिलेल्या एकूण पैशांच्या 5 टक्क्यांच्या वर नाही. अपघात, आरोग्य वगैरे योजना त्यातून. ई-श्रम या कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून ठेव, 16 वर्षं पूर्ण झालेल्यांना करता येतं, फुकट आहे.

पण तुझा पगार नक्की किती हे तुला तरी माहितीये का? ॲप दाखवतं तो आकडा तुझी कमाई नाही. लॉगिन केल्यापासून लॉगआउटपर्यंतचे सगळे तास धर, ऑर्डरची वाट बघत कट्ट्यावर बसलेले पण. मिळालेल्या पैशांतून पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, मोबाइलचा रिचार्ज वजा कर. मग भाग. जो तासाचा दर येईल तो वर पहिल्या उत्तरातल्या दुकानवाल्याच्या दराशी ताडून बघ. महिनाभर असं लिहिलंस तर कुठल्या वेळात गाडी काढण्यात अर्थ आहे आणि कुठल्या वेळात तू पेट्रोल जाळून कंपनीला मदत करतोयस ते दिसेल, आणि परीक्षेच्या महिन्यात कुठले तास सोडायचे तेही ठरवता येईल.

अजून एक. गाडीची पॉलिसी काढून वाच. प्रायव्हेट टू-व्हीलरच्या पॉलिसीत धंद्यासाठी केलेला वापर वगळलेला असतो आणि क्लेमच्या वेळी हे निघतं.

प्रश्न: माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे, तीन कॉलेजची मुलं ठेवलीत. तुम्ही मुलांची बाजू घेणार हे माहितीये, तरी विचारतो. परीक्षा आली की तिघं एकदम गायब, शिकवेपर्यंत चार महिने जातात, शिकली की सोडून जातात. मग पूर्ण दर का द्यायचा?

दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही. कॉलेजच्या पोरांचा भरवसा नसतो हे मलाही मान्य. पण तुम्ही जे सांगताय तो गैरहजेरीचा प्रश्न आहे आणि त्याचं औषध गैरहजेरीतच आहे, ज्या दिवशी आला नाही त्या दिवसाचे पैसे देऊ नका, कायदाही तेच म्हणतो. आला त्या दिवसाचा दर का कमी? तुम्ही काही मुलगा आहे म्हणून झेरॉक्सचे पैसे गिऱ्हाइकाकडून कमी घेत नाही ना.

जूनमध्येच तिघांकडून परीक्षेचं वेळापत्रक घ्या, तिघं वेगवेगळ्या कोर्सची ठेवा म्हणजे तारखा एकत्र येणार नाहीत. दर तासावर लावा, महिन्यावर नको, म्हणजे तुमचाही जीव अडकत नाही. जो पूर्ण वर्ष टिकला त्याला वर्षाच्या शेवटी वरकड काहीतरी द्या. किमान दराच्या खाली जाऊन वाचवलेले पैसे एका तक्रारीत जातात, कमी दिलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत नुकसानभरपाई लावायचा अधिकार आहे अधिकाऱ्याला, शिवाय 50,000 पर्यंत दंड. तीन पोरांच्या दोन वर्षांच्या फरकाला दहाने गुणून बघा एकदा.

प्रश्न: मी कॉलेजात शिकवतो, 'कमवा आणि शिका' योजना माझ्याकडे आहे. मुलं लायब्ररीत, ऑफिसात, बागेत काम करतात. तासाचा दर बाहेरच्यापेक्षा बराच कमी आहे. मुलं कुरकुरतात. आम्ही त्यांना मदत म्हणून काम देतो, नोकरी म्हणून नाही. यात अन्याय आहे का?

सर, हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारलात याबद्दल आधी आभार, कारण याच योजनेबद्दल मुलांचेही बरेच मेल आलेत आणि त्यांचा सूर तुमच्याइतका सौम्य नाही.

या योजनेमागे केवढी मोठी गोष्ट आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिचं वाक्य, आणि 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच तत्त्वावर. तिथे मुलगा श्रम करायचा आणि त्याबदल्यात त्याचं शिक्षण व्हायचं, राहणं व्हायचं. म्हणजे मोबदला नुसता हातात पडणारा पैसा नव्हता.

आता आजचं बघा. तुमचा मुलगा तासाचे जे मिळवतो त्यात त्याची फी निघते का? मेस निघते का? रूमचं भाडं? निघत असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. निघत नसेल, आणि फी त्याला वेगळी भरावीच लागत असेल, तर मग कर्मवीरांचं नाव राहिलं आणि त्यांचा सौदा गेला.

'मदत म्हणून देतो' या युक्तिवादावर सुप्रीम कोर्टाचा 1983 चा एक निकाल आहे, राजस्थानातल्या दुष्काळी कामांचा. तिथे सरकारने म्हटलं होतं की ही कामं लोकांना जगवण्यासाठी काढलीत, म्हणून किमान वेतन लागू नाही, त्यासाठी 1964 चा खास कायदाही होता. कोर्टाने ते मानलं नाही. रस्ता तयार झाला, त्याचा उपयोग समाजाला झाला, मग तो बांधणाऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊन त्याला कमी देता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. कमवा-शिका योजनेवर तो जसाच्या तसा लागतो असं मी म्हणत नाही, विद्यार्थी आणि कॉलेजचं नातं वेगळं आहे. पण लायब्ररीतली पुस्तकं रॅकवर लागतात, ऑफिसच्या नोंदी होतात, आणि त्या जागी पूर्वी पगारी शिपाई किंवा क्लार्क होता, तो रिटायर झाल्यावर जागा भरलीच नाही. असं तुमच्याकडे झालंय का हे तुम्हीच बघा. झालं असेल तर मदत कोण कुणाला करतंय?

दर वाढवणं तुमच्या हातात नसेल, विद्यापीठ ठरवतं. पण तीन गोष्टी हातात असतात. पैसे दर महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत जाऊ देत, ग्रँट आली नाही म्हणून सेमिस्टरच्या शेवटी एकदम नको, कारण मेसवाला थांबत नाही. परीक्षेच्या काळात तास मुलालाच ठरवू द्या. आणि ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला बागेत आणि ज्याला शेती कळते त्याला टायपिंगला असं करू नका, निदान शिकणं तरी खरं होऊ दे.

प्रश्न: एका कंपनीसाठी डिझाइन करून देते. बिलातून 10 टक्के कापून पैसे आले. हे फसवणं आहे का?

बहुतेक नाही, तो टीडीएस असेल, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला इन्कम टॅक्स. प्रोफेशनल फी वर्षाला 50,000 च्या वर गेली की 10 टक्के कापतात, एप्रिल 2025 च्या आधी ही मर्यादा 30,000 होती. पॅन दिला नसेल तर 20 टक्के कापतात, म्हणून आधी पॅन दे. कापलेले पैसे तुझ्या पॅनवर जमा झालेत का हे इन्कम टॅक्सच्या साइटवर दिसतं. जमा असतील तर रिटर्न भर, तुझं उत्पन्न टॅक्स लागण्याइतकं नसेल तर ते परत येतात. जमाच नसतील तर मात्र ते फसवणं आहे.

प्रश्न: ऑफर लेटर नाही, पगार कॅश, हजेरी वहीत, ती वही मालकाकडे. तक्रार केली तर पुरावा काय देऊ? आणि कुठे करू?

कागद नाही म्हणून हातपाय गाळू नकोस. पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा केला की तो दिलाय हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची, असं वेतन संहितेतच लिहिलंय. पगाराची स्लिप द्यायची जबाबदारीही त्याचीच होती. तुला दाखवायचंय ते एवढंच की तू तिथे काम करत होतास. त्याला पुष्कळ गोष्टी चालतात. 'उद्या लवकर ये' असा व्हॉट्सॲप मेसेज, शिफ्टच्या ग्रुपचे स्क्रीनशॉट, मोबाइलची लोकेशन हिस्ट्री, युनिफॉर्ममधला फोटो, बरोबर काम केलेल्याचा जबाब. आजपासून रोज आलो-गेलोची वेळ स्वतःच्या वहीत लिही, किंवा मित्राला मेसेज टाकत जा म्हणजे तारीख आपोआप पडते. ठरल्या तासांपेक्षा जास्त थांबवलं तर ते वेगळं लिही, कामाचा नेहमीचा दिवस उलटून गेल्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम असतो.

आधी मालकाला एक साधा मेसेज टाक, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतके तास, इतके पैसे बाकी, अमुक दिवसापर्यंत द्यावेत. शिव्या नाहीत, धमकी नाही. बऱ्याच वेळा एवढ्यावरच काम होतं, कारण समोरच्याला कळतं की याने हिशोब ठेवलाय. नाही झालं तर तुमच्या जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा, तिथे सरकारी कामगार अधिकारी भेटतील. वकील लागतोच असं नाही. हवा असेल आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट मिळू शकतो, मुलींना तर उत्पन्न न बघता, त्यांचा हेल्पलाइन नंबर 15100.

दावा करायला आता तीन वर्षं मुदत आहे, पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने होते. म्हणजे आधी परीक्षा दे, रिझल्ट घे, मग शांतपणे गेलास तरी चालतं, फक्त तोवर फोन फॉरमॅट करू नकोस. अर्जात रक्कम मोघम लिहू नकोस, महिन्यावार तक्ता करून जोड, दोन प्रती ने आणि एकीवर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.